फुली

नंदुरबारच्या गुरांच्या दवाखान्यात
अठरा वर्षं केसपेपर फाडतोय मी.
छापील रकाने चार: गाय, बैल, म्हैस, शेळी.
कोंबडीला रकाना नाही.
आजारी कोंबडीवर आमच्याकडे औषध एकच,
काळा मसाला, भाजलेलं खोबरं
आणि सोबत कळण्याची भाकर.

रुमलीबाई वळवी आली तेव्हा
हेच बोललो मी, हसत.
ती हसली नाही.
मिरचीच्या पथारीवरून थेट चालत आलेली,
ओच्यात तांबूस कोंबडी, नुसती मान बाहेर.
"हिना गयामा गोया शे. तीन रोजपाईन दाना टिपत नही."
म्हटलं, मावशी, दोनशेची कोंबडी,
तिच्यापायी दिवसाची मजुरी बुडवली?
"दोनशेनी ती बजारमा.
हाई मन्ही शे."

दिवसभर देठं खुडते ती.
रात्री बोटं अशी पेटतात
की हात ताकात बुडवून बसते अंगणात,
आणि ही बया दिवसभर तिच्या मांडीला टेकून
सांडलेलं लाल बी टिपते, टिचटिच,
जसं काही राळंच.

पाखरांना तिखट लागत नाही म्हणे,
निकुंभ मॅडमनी सांगितलं, हातमोजे चढवताना.
रुमलीबाईला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.
तिला आजवर वाटायचं,
आपल्या वाट्याची आग
ही थोडी थोडी गिळते.

टेबलावर वर्तमानपत्र. भुलीची बारीक सुई.
पिसं मी उपटली. त्या कामात हात माझा सराईत,
दर रविवारचा,
पण पाचव्या पिसाला थांबलो.
ती बघत होती माझ्याकडे. म्हणजे कोंबडी.

पेरभर छेद दिला, थैली उघडली
आणि खकाणा उठला.
मॅडम शिंकल्या, मी शिंकलो,
ओसरीत म्हशीचं दावं धरून उभा माणूस शिंकला,
म्हैसही, बहुतेक.
कोंबडी तेवढी शांत,
एका डोळ्यानं पत्र्याकडे बघत.

आधी निघाली सुतळी, पोती शिवायची,
वीतभर, मग आणखी वीतभर,
तिच्यात गुरफटलेलं बी, काड्या, शर्टाचं बटण
आणि पार शेवटच्या गाठीत
नाकातली फुली. चांदीची.

मी म्हटलं, घ्या मावशी, पेढे आणा आता!
ती फुलीकडे बघत राहिली,
विंचवाकडे बघावं तशी.
मग हळूच म्हणाली, मला नाही, मॅडमना नाही,
"वंतीले मी चोट्टी म्हनेल शे."

पंधरा दिवस दोघी
एकाच ढिगाशी पाठीला पाठ लावून
देठं खुडत होत्या.

मॅडम टाके घालत राहिल्या. आत तीन, बाहेर चार.
फुली डेटॉलमध्ये धुऊन पुडी बांधली मी.
पुडी ती खिडकीतच विसरली.
कोंबडी ओच्यात नीट घेतली, मानेखाली तळवा देऊन,
आणि गेली. ऊन मरणाचं होतं.

दहाव्या दिवशी टाके काढायला
दोन बायका आल्या.
कोंबडी दुसरीच्या कडेवर.
कोण कुणाला काय म्हणालं, कोण रडलं,
मला माहीत नाही, विचारलंही नाही.
ती दुसरी एवढंच विचारत होती,
भात चालेल का, पातळ करून, ताकात कालवून?
पुडी दिली तेव्हा रुमलीबाईनं
नाकातली कडुलिंबाची काडी चाचपली,
पुडी कमरेला खोचली. घातली नाही तिथं.

पहिल्या दिवशी कागद अर्धाच भरला होता.
गाय, बैल, म्हैस, शेळी,
चारींवर फुली मारली.
खाली कोऱ्या जागेत लिहिलं: कोंबडी, एक.
नाव? मी विचारलं.
दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.
"नाव कसानं? हाक मारी का येस."

तेच लिहिलं मग, सरकारी निळ्या शाईत:
नाव, हाक मारली की येते.