काढून घेण्याचं काम

लेंगरे साहेब कुपवाडच्या शेडवर आले
तेव्हा लाइट नव्हती. पिशवीत वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात बायकोची जुनी साडी, साडीत
एक गोल तबकडी, तांबूस, आरशाहून आरसा.
“मिस्त्री, हिच्यावरचं तांबं उतरवायचंय. न दाबता.”

मी हसलो. तीस वर्षं लेथवर काढलेली.
न दाबता शेंगेचं फोलपटसुद्धा निघत नाही.

ते ऑइलच्या डब्यावर बसले, सांगू लागले.
बाप सेलमला, गलाईत. विट्याकडची माणसं
दूरदूर जातात सोन्यामागं, दुसऱ्याच्या.
सराफाच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
दारातलं पायपुसणंसुद्धा,
जाळायचं, आटवायचं, गुंजभर काढायचं.
सात वर्षांचं पोर तेजाबाच्या धुरात खोकत बघायचं:
चांदी पाण्यात विरघळलेली, दिसत नाही.
बाप तांब्याची पट्टी सोडतो
आणि पट्टीला पांढरी बुरशी फुटते. चांदीची.
“धातू जातो कुठं, मिस्त्री?
बोलावणाऱ्याची वाट बघत बसतो.”

मग जपान. सव्वीस वर्षं.
तिथं तबकडी पॅडवर दाबून घासायचे, दगडाच्या दुधात.
तांब्याखालचा थर पापडासारखा पोकळ,
जरा जोर झाला की मोडला.
साहेबांनी जोर काढला. दूध काढलं.
ठेवलं नुसतं शुद्ध पाणी, एक पडदा,
आणि वीज, समईच्या वातीइतकी.
पेटंटवर सहा नावं. यांचं पाचवं,
स्पेलिंग चुकलेलं.
यंत्र तीन वर्षं चाललं. मग कंपनीनं हिशेब केला
आणि पुन्हा दाबायला घेतलं.

तेच यंत्र आम्ही दुसऱ्यांदा केलं, इथं.
शेजारी बागवान, सायकलच्या घंट्यांना निकेल चढवणारा.
रेक्टिफायर त्याचा, उसना.
भिंतीपलीकडं तो चढवायचा, अलीकडं आम्ही उतरवायचो.
“तारा उलट्या जोडल्या की झालं,” साहेब म्हणायचे.
झालं नाही.
सतरा तबकड्या गेल्या. मधलं निघायचं,
कडेचं चिकटून राहायचं, भाकरीच्या करपलेल्या काठासारखं.
पडदा बदलला. पाणी बदललं. मी दोनदा भांडून घरी गेलो.

एका रात्री सुई आपोआप खाली आली.
तांबं संपलं की वीज थांबते,
तिला धरायला कुणी उरत नाही.
साहेब काही बोलले नाहीत. बूट काढले.
पुन्हा घातले.

गावच्या जत्रेला गलाईवाले मोटारी घेऊन आलेले.
एकानं विचारलं, “एका चिपमधनं सोनं किती निघतं, दादा?”
“सोनं नाही. आम्ही फक्त जास्तीचं काढतो.”
“मग ते जास्तीचं विकता?”
“नाही.”
तो गप्प झाला. मग पान पुढं केलं,
कुणी वारल्यावर करावं तसं.

आपलं यंत्र बघायला दोन कंपन्या आल्या,
चहा घेतला, फोटो घेतले. पत्र एकाचंही नाही.
आता साहेब बागवानाच्या धुवणातलं निकेल पकडतात.
आधी ते ओढ्यात हिरवं जायचं.
महिन्याला अर्धा किलो. बागवान विकतो,
यांना चहा पाजतो, वर म्हणतो, “इंजिनेर माणूस!”

काल मी शेड झाडत होतो.
ते चष्म्यावरून बघून म्हणाले,
“केर टाकू नका.”
डब्यात भरून ठेवलाय. झाकणावर तारीख घातलीय.
अजून मागितला नाही.