कमाल भार

सोहारच्या प्लान्टमध्ये मी परांच्या तपासतो.
क्लिप ढिला, फळी सुटी, पायाखाली भुसभुशीत वाळू,
की लाल टॅग.
फोरमनने कितीही घड्याळ दाखवो,
माणूस वर जात नाही म्हणजे नाही.
सगळं पक्कं असलं तर हिरवा, त्यावर माझी सही,
आणि सात दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

घरी गॅरेजमध्ये मात्र
पाच कप्प्यांचा एक लोखंडी रॅक
नऊ वर्षं नुसता उभा होता.
भिंतीला टेकून. तेवढंच.

करारात कलम होतं : भिंतीला भोक पाडू नये,
पाडल्यास डिपॉझिटमधून कापू.
आणि आम्ही तर पुढच्या वर्षी निघणारच होतो,
दर वर्षी.
म्हणून रॅकवर सगळं निघण्याचंच सामान :
टीव्हीचं रिकामं खोकं, मिक्सरचं रिकामं खोकं,
बॅग तोलायचा काटा,
दोन डबे थिनर (कशाला आणले होते, आठवत नाही),
आणि सगळ्यात वर
कुणाच्या तरी कंटेनरमधून साताऱ्याहून आलेला
पाटा-वरवंटा.
वापरात नाही, म्हणून वर.
हे गणित माझं.

इराला पोहण्याचा चष्मा हवा होता.
कप्पे म्हणजे पायऱ्याच की.
एक, दोन,
तिसऱ्यावर पाय टाकला तेव्हा
आधी रॅक नाही हलला, आधी वरवंटा हलला.
गडगडत कडेपर्यंत आला, थांबला,
जणू खाली कोण आहे बघून घेतलं त्याने,
आणि गाडीच्या बॉनेटवर पडला.
शलाकाने खांदा दिला होता रॅकला.
एका हातात पोरगी, दुसऱ्यात गाडीची चावी तशीच.

कुणाला काही झालं नाही.
बॉनेटवर एक खळगा पडला, आमटीच्या वाटीएवढा.
मी कामावरून आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली,
"इथे कोणता टॅग लावतोस?"

त्या रात्री रॅक रिकामा केला.
थिनरचे डबे जुलैच्या उकाड्याने फुगले होते,
झाकणं वर आलेली, पोट सुटलेली.
एवढे दिवस ते वर बसून काय विचार करत होते
देव जाणे.

पहिलं भोक पोकळीत गेलं.
ब्लॉकची भिंत, आतून रिकामी;
ड्रिल एकदम आत, आणि मी कपाळाने भिंतीवर.
रॉलप्लग घातला तर तो खडखडत खाली गेला,
अजून तिथेच असेल.
मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत
कॉलम शोधला. आवाज बदलतो तिथे.
भरीव जागा कानाला कळते.
चार बोल्ट. बाहेर आलेली भुकटी
पांढरी होती, शिंपल्यांच्या वाळूची,
घशात खारट लागली.

पाटा खाली. पाण्याचे कॅन खाली.
वर फक्त हलकं, त्यातही खोकी फेकून दिली.
खोकी फेकताना शलाका काही बोलली नाही,
मीही नाही.

एक तारखेला खलफान चेक घ्यायला आला.
भोकं मोजली. पाचव्याशी बोट नेलं,
जे चुकलं होतं.
रॅक धरून हलवला. हलला नाही.
मग त्याच्या हिंदीत म्हणाला,
"आईच्या घरी एक कपाट आहे. डुलतं.
ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने उघडते.
जुम्म्याला ये. ड्रिल आण."
डिपॉझिटचं मी विचारलं नाही.

आता रॅकला हिरवा टॅग आहे, प्लान्टमधून आणलेला.
कमाल भार : कप्प्याला चाळीस किलो.
खाली इराच्या अक्षरात : आणि मी नाही.
सही माझी चालत नाही.
दर गुरुवारी शलाका वरची पट्टी धरते,
सगळं अंग मागे टाकून ओढते,
पदराला हात पुसते,
मग करते.