तीन किलो खाडी

मासळीच्या काट्याला दोर बांधून
उचलली तिला दिवाळ्याच्या धक्क्यावर.
सत्तेचाळीस भरायला हवी होती,
पन्नास भरली.
प्रणोती म्हणाली, काटा खोटा आहे तुमचा.
काटा खरा आहे. त्यावर माझ्या भावजयीचा संसार चालतो.
खोटा असता, तर अजून बरा चालला असता.

म्हणजे बोट
तीन किलो खाडी प्यायली होती.

कुठून, ते शोधायला दोन दिवस गेले.
उजव्या पंजाच्या मुळाशी एक स्क्रू,
डोक्यावरची लांबी उडालेली,
तांदळाच्या दाण्याएवढं भोक.
तेवढ्यातून पाणी प्लायमध्ये मुरलं
आणि तळ फुगला, दीड मिलिमीटर.
माझ्या डोळ्यांना नाहीच दिसला.
प्रणोतीला कळला होता, पंचाऐंशीच्या वेगात, बुडाखाली:
नाळ वर, नाळ खाली, परत वर,
बेडकावर बसून शर्यत लावल्यासारखी
ती चौथी आली.
चार जणांत.

आमच्या घरातल्या होड्यांना पोट असतं.
जोमाकाकांनी जन्मभर पोटंच घडवली,
पठाणावर वांक, वांकांवर फळ्या,
ओझं घेऊन पाण्यात बसावी, डुलावी,
कडा अशा गोल, की पाणी
वळसा घेऊन निमूट मागे जाईल.

हिला पोट नको.
हिला कड हवी, पात्यासारखी.
पाणी तिथपर्यंत यावं आणि सुटावं.
चिकटलं की संपलं.
पहिल्या वर्षी सवयीने मी कडा गोल केल्या होत्या,
हात फिरवून फिरवून, मायेने.
प्रणोतीने काही न बोलता
बोट परत शेडमध्ये आणून टाकली.

आता आठ दिवस उलटी,
खाली शंभरचा बल्ब, पिलांना ऊब देतात तसा.
पाम बीचवरून गाड्या जात राहिल्या.
रोज सकाळी काटा: एकोणपन्नास आठशे, एकोणपन्नास,
अठ्ठेचाळीस दोनशे,
सत्तेचाळीस अडीचशेवर अडला तो अडलाच.
तो पाव किलो आता तिचा.

मग पोलादी पट्टी तळावर उभी धरायची, पलीकडे टॉर्च.
पट्टीखालून उजेड झिरपला, तर तिथे खड्डा.
मागच्या कडेपासून दीड हात
उजेड दिसता कामा नये.
तिथे खोलगट असेल तर नाळ पाण्यात खुपसते,
फुगीर असेल तर बेडूक.
चारशेचा पॉलिशपेपर, ओला, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून.
नुसत्या बोटांनी घासायचं नाही.
बोटं खड्ड्यातच जाऊन बसतात, त्याला आणखी खोल करतात.

जोमाकाका दारात खुर्ची टाकून
घासण्याचा आवाज ऐकत होते.
मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत.
"जाला?"
"जाला. उजेड नाय कुठं."
भिंत धरत आले.
तळवा नाही, मनगटाची आतली बाजू
नाळेकडून मागे नेली. एकदाच.
"हितं."
मी पट्टी ठेवली. काही नाही.
तिरकी ठेवली.
केसाएवढा उजेड.

"पानयाला शिवायचाच नाय,
त पानयान घालताव कशाला हिला?"
असं म्हणून परत खुर्चीत.
मी ठोकळा भिजवला.
याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

रविवारी भरती टिकून होती तोवर सोडली.
आवाज आधी जड, चिखल ढवळल्यासारखा,
मग मध्येच पातळ झाला.
"सुटली," काका म्हणाले.
मला ते दिसलं, पण नंतर.

संध्याकाळी गोडं पाणी मारलं, मागचं बूच काढलं,
कपभर खाडी बाहेर आली.
कपभर चालते.
एकेका स्क्रूवर अंगठा टेकवत गेलो,
चौऱ्याऐंशी आहेत.
कितवी आली, ते काकांनी विचारलं नाही.
"भरली किती?"