जमिनीचे तुकडे

स्वयंपाकघरातली जमीन बदलायची ठरली
तेव्हा झाइगा म्हणाली, आई, सोमवारी ट्रक येईल,
हे जुनं लिनोलियम त्यात टाकून देऊ.
रविवारी रात्री मी पावाच्या सुरीनं
बत्तीस तुकडे कापले आणि पलंगाखाली सरकवले.
वय अडुसष्ट. आयुष्यातली पहिली चोरी,
तीही स्वतःच्याच घरात.

चव्वेचाळीस वर्षांची जमीन.
चुलीपुढे झिजून झिजून पातळ झालेली,
दाराशी बुटांबरोबर आलेल्या मिठानं पांढुरकी,
आणि खिडकीपाशी चार खळगे,
आर्विड्सच्या खुर्चीचे.

कोरणी नातवाच्या शाळेच्या दप्तरातली.
दाबायला सूप ढवळायचा लाकडी डाव.
थंडीत लिनोलियम हट्टी होतं, तडकतं,
चुलीवर पोळीसारखं शेकावं लागतं
दोन्ही बाजूंनी, करपू न देता.
मग मात्र ते सगळं ऐकून घेतं.

फेब्रुवारीत मी कोरली
आतून बर्फ धरलेली खिडकी
आणि तिच्यावर नखानं खरवडलेलं भोक,
वेल्टाकडे दिवा लागला का ते बघायला.
बर्चच्या खोडाला टांगलेली बाटली कोरली मार्चमध्ये,
थेंब कोरायचा राहिलाच,
तेवढ्यात बाटली भरली होती.

एप्रिलमध्ये व्हेंटा नदीवर मासे धबधब्यावर उड्या मारतात.
बाहेरगावची माणसं पुलावर उभी असतात, गळ्यात कॅमेरे.
मी घरी होते.
छपरावरचा बर्फ वितळून माजघरात गळत होता,
त्याखालची बादली कोरली.
तिच्यात रात्रभर पडणारा आवाज
कसा कोरायचा, ते अजून जमलेलं नाही.

जूनचं एकही चित्र नाही माझ्याकडे.
जूनमध्ये अंधारच पडत नाही,
बटाट्यांना माती लावायची, शेपू वाळवायचा,
काकड्यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात उलट्यापालट्या.
बरण्या उघडतात नोव्हेंबरात.
तेव्हा झाकण फिरवताना जो वास येतो
त्यावरून मी जून कोरला होता एकदा.
वेल्टा म्हणाली, गवत फार उंच झालंय गं.
असेल. मला भूक लागली होती.

छापताना सगळं उलटं उतरतं,
हे आधी माहीत नव्हतं.
आर्विड्स डावरा.
शाळेत त्या हातावर पट्टी बसली होती त्याच्या,
तरी पाव डाव्यानंच कापायचा शेवटपर्यंत,
छातीशी धरून, माझा जीव वरखाली.
पहिल्या छापात तो उजव्या हातानं कापत होता.
मास्तरांना हवा होता तसा.
मी तो कागद चुलीत घातला.
आता त्याला मी चुकीचा कोरते
म्हणजे कागदावर तो बरोबर येतो.

एकतीस तुकडे संपले.
मशरूमची टोपली, ओले मोजे,
ऑक्टोबरात दुपारी तीनलाच लावलेला दिवा,
बीट किसताना सांडलेला रंग,
जो मी मुद्दाम लाल शाईनं छापला नाही.

बत्तिसावा खिडकीजवळचा.
त्याच्यावर कोरणी तीनदा टेकवली, तीनदा उचलली.
काल तसाच घेतला, न कोरता,
काळी शाई फिरवली, कागद ठेवला, डाव घासला.

सगळं काळं, आणि त्यात चार पांढरे गोल,
शाई पोचली नाही तिथे.

झाइगा रविवारी आली, चष्मा लावून बघत राहिली.
बर्फ पडतोय का हा? की चंद्र?
कुठला ऋतू, आई?

जेवणाआधीचा, म्हटलं.
बस तिथे. बटाटे सोलायचेत अजून.
ती बसली, नव्या जमिनीवर खुर्ची जरा घसरली.
पहिल्या बटाट्यावर माझा अंगठा उमटला, काळा.
तिनं तो धुतला नाही लगेच.