किल्ली माझ्याकडे असते

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
चर्चमागच्या हॉलमध्ये मी तेवीस खुर्च्या मांडतो,
हीटर तासभर आधी लावून ठेवतो,
कारण डनीडनमध्ये जुलैत भिंतीसुद्धा शिंकतात.

मग ती मंडळी येतात एकेक,
ओले कोट, श्रवणयंत्रं, काखेत स्वरलिपीचे ठोकळे,
फार पूर्वी वारलेल्या एका जर्मन संगीतकाराच्या
नादाला लागलेली.

मला त्यातलं फारसं कळत नाही.
सोळा वर्षं दाराआडून ऐकतोय, नेहमी मधलाच तुकडा.
सुरुवातीला मी बाहेर गाड्या लावून देत असतो,
शेवट यायच्या आत साडेनऊ वाजतात
आणि साडेनऊला हॉल बंद, असा नियम.
एवढं मात्र कळलं : हा गृहस्थ समेवर यायला तयार नाही.
चार-चार तास नुसतं येतो, येतो म्हणतो.

अध्यक्ष मर्डो क्रिक्टन, बोटीवरचा इंजिनियर होता.
तुताऱ्यांबद्दल बोलताना अजून
दाब, वाफ, झडप असलेच शब्द वापरतो.
मिसेस फेदरस्टन सतरा वर्षं पैसे साठवून
एकदा त्याच्या जर्मनीतल्या नाट्यगृहात जाऊन आल्या,
लाकडी खुर्चीत पाच तास बसल्या,
तेव्हा धरलेली पाठ अजून सुटलेली नाही.
कुणी पदक दाखवावं
तशी त्या ती पाठ दाखवतात.

दाराजवळची खुर्ची एडिथ लोवेंटालची.
कोट अंगातच, पर्स मांडीवर,
केव्हाही उठून जाता यावं अशा बेतानं बसायच्या
आणि कधीच उठून गेल्या नाहीत.
डोळे मिटून ऐकायच्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत.
‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की
दर महिन्याला तोच हात वर, तोच प्रश्न :
आमच्या लोकांबद्दल त्यानं जे लिहून ठेवलं
त्याचं आपण काय करायचं?

‘आमच्या’वर जोर नसायचा.
‘आपण’वर असायचा.

मर्डो चष्मा पुसायचा.
कुणी म्हणायचं, काळच तसा होता,
कुणी म्हणायचं, माणूस वेगळा, सूर वेगळे,
आणि मी किटलीचं बटण दाबायचो.
पाणी उकळण्याचा आवाज
अशा वेळी फार उपयोगी पडतो.

‘दर वेळी दुधात मिठाचा खडा टाकते ही बाई,’
सिंकपाशी एकदा मर्डो मला म्हणाला.
मी कप विसळत राहिलो.

मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं,
घर सोडून पळताना वडिलांनी
चांदीची भांडी मागे ठेवली
आणि याच्या तबकड्या बरोबर घेतल्या.
‘मूर्ख माणूस,’ म्हणाल्या,
आणि बिस्कीट इतका वेळ चहात धरलं
की ते आतच राहिलं.

ऑगस्टमध्ये त्या आल्या नाहीत.
सप्टेंबरमध्ये सेक्रेटरीनं एक चिठ्ठी वाचली,
सगळे मिनिटभर उभे राहिले.
मग व्याख्यान, मग नेहमीचं,
‘कुणाला काही विचारायचंय?’

कुणालाच नव्हतं.
हीटर तेवढा टकटकत होता.
माझं बोट बटणावर होतं. दाबवलं नाही.

शेवटी मर्डोच उठला,
टेबल सोडून खुर्च्यांमधून वाट काढत
दाराजवळच्या खुर्चीपाशी आला, बसला नाही,
तिच्या पाठीवर हात ठेवला
आणि प्रश्न विचारला.
अडखळत. ‘आमच्या’ म्हणाला, थांबला.
‘त्यांच्या’ म्हणाला, तेही चालेना.
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला.
साऱ्या वाक्यात एक सर्वनाम
त्याच्या हाताला लागत नव्हतं.

समोर अध्यक्षांची जागा रिकामी.
उत्तर द्यायचं कुणी?

मिसेस फेदरस्टन पाठ धरून उठल्या,
आपली खुर्ची करकरत उलटी फिरवली
आणि त्याच्याकडे तोंड करून बसल्या.
मग आणखी एक खुर्ची करकरली.
मग पलीकडची.

पावणेदहा झाले.
नियम आहे, मला ठाऊक आहे.
पण किल्ली माझ्याकडे असते.