हर्णै: उंची शून्य

कारखान्याच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर,
हरेश्वरनं डोंगर काढलाय.
पेन गारठलेल्या बोटांत धरलेलं,
म्हणून रेघ जागोजाग तुटलेली.
पायथ्याच्याही खाली, पानाच्या कडेला लिहिलंय:
सुरुवातीचा मुक्काम हर्णै, उंची शून्य.

उत्तरेची धार: अवघड, पण वारा सांगून येतो.
पश्चिमेची भिंत: दुपारी दगड सुटतात,
ऊन लागायच्या आत पार व्हायचं.
तिसरी हिमनदीवरून, सगळ्यात सोपी.
तिच्यापुढे दोनच शब्द,
भेगा झाकलेल्या.

तो सोप्या वाटेनं गेला.

मी त्याला लादी फोडताना बघायची.
आकडा मारायच्या आधी तळवा टेकवायचा,
लादीच्या पोटातली पांढरी शीर कुठं वळते ते बघायचा,
मग एकच घाव. दोन सरळ फाका.
"बर्फ आधी सांगतो गं ताई,
आपल्याच कानात इंजिनं भरलेली असतात."

सांगायला चौघं आले होते.
त्यांचा म्होरक्या, ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली,
अंगणातल्या सुकटीत पाय पडू नये म्हणून
अवघडून उभा राहिला आणि म्हणाला,
हिमनदी चालते. वर्षाला वीसेक मीटर.
तिच्या तोंडाशी यायला त्याला चाळीस वर्षं लागतील.

आईनं विचारलं, "चालत?"

मी इथली हिशेबनीस.
चाळिसातून एकोणीस गेली.
दर साली नव्या वहीत
मीठ, अमोनिया, विजेचं बिल, आणि त्याखाली तो आकडा.
जमेला मांडायचा की नावे,
अजून ठरत नाही.

अब्बास सोलकर लादी न्यायला आला.
बोट भरकटून हद्दीपलीकडे गेली तेव्हा
चौदा महिने तिकडच्या तुरुंगात काढलेला माणूस.
पान उघडं होतं. डोंगराखालून निघालेल्या रेघेवर
त्यानं खवल्यांनी चिकट झालेलं बोट ठेवलं.
"ही कुठली?"
चंद्रा, म्हटलं. पुढं चिनाब. पुढं सिंधू.
क्रशर चालूच होता. तो तेवढा वेळ थांबला.
"तिच्याच मुखाशी धरला आमाला.
पाणी गढूळ होता.
जिभेला लावला, तर मीठ कमी."

एकोणीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं
की तो डोंगर आपल्याच दर्यात उतरतो.
शाळेत नकाशा होता भिंतीवर. मी खिडकीतून
होड्या मोजायची.

त्या पानावर मी चौथी वाट लिहिली.
उतरायची. दोर नको, बूट नकोत.
अवघड जागा: धरणं, कालवे, एक हद्द.
पाणी कुठं मिळेल: सगळीकडे.
लागणारा वेळ:

अब्बासनं त्या दिवशी बारा लाद्या नेल्या.
मी अकरा लिहिल्या.