कानोसा

डनेडिनमध्ये, टेकडीखालच्या इमारतीच्या तळमजल्यावर,
मंगळवारी सकाळी नऊला
लीथ हॅगर्टी पियानोवर दोन सूर दाबतात
आणि खिडकीबाहेर बघत राहतात,
जणू ते दुसऱ्याच कुणी वाजवले.
आम्ही अठरा जण. कागद कोरे.
कुणीतरी नाक ओढतं.
‘अंतर किती?’

अंतर म्हटलं की मला किलोमीटर सुचतात.
विंटनपासून इथवर दोनशे,
दुधाच्या टँकरला तीन तास, वाटेत मेंढ्या नसल्या तर.
सात वर्षं मीच चालवला तो.
म्हणून वर्गात मी वयाने सगळ्यांत पिकलेली,
कानाने सगळ्यांत कच्ची.

घोकते. मेजर थर्ड, परफेक्ट फोर्थ,
आणि तो ट्रायटोन,
चुकीच्या दारात किल्ली फिरवावी तसा.
फ्लॅटमधला फ्रिज
जी आणि जी-शार्पच्या मधोमध कुठेतरी घुमतो,
ना धड इकडचा ना तिकडचा.
रात्री दोनला त्याच्यासमोर मोज्यांत उभं राहून
मी त्याला सूर लावायला शिकवते.

अपेलूचं उलटं.
कुठलीही कॉर्ड वाजवा, तिच्यात नसलेला सूर
तो सहज गाऊन दाखवतो.
पाचव्या वर्षापासून चर्चमध्ये गातोय,
सामोआतून आलेल्या चार आत्यांच्या मधे बसून.
‘नाव काय या सुराचं?’ हॅगर्टी विचारतात.
‘नाव? ही फियाआत्याची जागा आहे, सर.
हिच्या खाली काका बसतात.’
वर्ग हसला. हॅगर्टी हसले नाहीत,
बराच वेळ त्या पट्टीवर बोट ठेवून राहिले.
तरी डिक्टेशनमध्ये त्याला वीसपैकी तीन.

मग आमचा सौदा ठरला, कोपऱ्यावरच्या लाँड्रीत.
मी त्याला लिहायला शिकवते, तो मला ऐकायला.
ड्रायर फिरत असतात.
‘डोळे मिट,’ तो म्हणतो, ‘मोजू नकोस.
तुला कुणी हाक मारायचं का लहानपणी?’

मारायचं ना.
गोठ्याच्या दारातून, बूट चिखलात, दूध काढायची यंत्रं
मागे धापा टाकतायत,
आणि आई पाच एकर पलीकडे ओरडायची:
ब्रॉ—नी.
ब्रॉ वर. नी खाली.
मी तसंच म्हटलं, ड्रायरसमोर, मोठ्याने.
एक बाई उशीचे अभ्रे घेऊन वळून बघायला लागल्या.
अपेलू नुसता बोटं दाखवत होता: तीन.
मायनर थर्ड.
एकतीस वर्षं माझं नाव होतं ते,
आणि मी ते पुस्तकात शोधत होते.

रविवारी फोन केला, तिला हे सांगायला.
तिने उचलला. ‘ब्रॉनी.’
तेवढंच.
पण वरचा सूर नेहमीच्या जागी नव्हता.
किंचित घसरलेला, जेमतेम एक पायरी उरलेली
हाकेच्या दोन टोकांत.
इतकी वर्षं मी कानाडोळा केला असता.
‘काय झालंय?’
‘कुठे काय.’
आणि मग हवामान, कुत्रं, शेजाऱ्यांचं नवं कुंपण,
आणि मग, भांडी आवरता आवरता:
‘गाई विकल्या गं. बोटं वळत नाहीत आता.’

मी विचारलं नसतं तर तिने सांगितलं असतं का, माहीत नाही.
कान तयार होताना
हे कुणी सांगत नाही, की ते नंतर मिटता येत नाहीत.

मंगळवारी पुन्हा दोन सूर. वरून खाली.
हॅगर्टी खिडकीबाहेर.
शेजारी अपेलूचं पेन सरसर चाललंय,
पहिल्यांदाच, जिभेचं टोक दातांत धरून.
मला उत्तर येतंय.
मी ती ओळ कोरी सोडते
आणि तिसऱ्याकडे वळते.